पाहुणा पाटावर असेपर्यंत

निडी स्टेशनवरून डोंगर चढून गेलो तो शांततेसाठी. गाव खरंच शांत होतं, कारण सगळं गाव हौसाकाकूच्या अंगणात उभं राहून तिच्या दोन मुलांची मारामारी बघत होतं. बांधावरून वाद होता. थोरल्या हैबतच्या हातात कोयता होता. धाकट्या जितेशचा कान अर्धा लोंबत होता, पण त्यानंही हैबतचे दोन दात आधीच पाडले होते.

मी पाणी मागितलं. दोघं जागीच थांबले.

"पावना आलाय," काकू म्हणाली. "तो जेवून उठेपर्यंत हात उगारायचा नाय."

ही तिथली रीत. हैबतनं पाट मांडला, जितेशनं रक्ताळल्या हातानं भाकरी वाढली आणि दोघं माझं जेवण संपायची वाट बघत समोर बसले.

"खा रे बाबा," काकू वाढत राहिली. "माझी पोरं जगतील तेवढं खा."

भाकऱ्या संपल्या, भात संपला, वालाची उसळ नुसतीच खाल्ली. शेवटी जमेना. मी उठलो, तसा कोयता सपकन जितेशच्या खांद्यात रुतला.

काकूनं पळी उचलली. मला वाटलं, हैबतच्या डोक्यात घालील. तिनं माझ्या घातली. मी धाडकन पाटावर बसलो.

"बसला परत," हैबत चिडून म्हणाला आणि त्यानं कोयता खाली ठेवला.

काकू शेजारणीकडे वळली. "दवाखान्याच्या गाडीला फोन कर गो. आणि ताक आण. गाडी येईतोवर हा जेवतोय."