चार रिंगांच्या आत

अहमदपूरच्या त्या गल्लीत सिंधुबाई सोनकांबळेचं घर विचारलं, की माणूस आधी उलट विचारायचा, ‘फोनवाल्या सिंधुबाई का?’ मोबाइल घरोघर झाले, तारेचे फोन एकेक करून निघाले, पण सिंधुबाईच्या घरातला राखाडी फोन होता तिथंच होता. टीव्हीशेजारी, स्टुलावर, अंगावर क्रोशाचा रुमाल घेऊन. लोक म्हणायचे, म्हातारीला टीव्हीतल्या खेळाचं खूळ आहे, दुसरं काय! सिंधुबाई कुणाला काही सांगायला जात नसे. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

खेळाचं नाव ‘दुपारचा डाव’. सिंधुबाई कन्या शाळेतून शिपाई म्हणून रिटायर झाली त्याच वर्षी तो सुरू झाला आणि बारा वर्षं चालला. सोमवार ते शुक्रवार, दुपारी एकला. एका मोठ्या लाकडी चाकावर महाराष्ट्राचे सगळे जिल्हे रंगवलेले असत. बोलघेवडी एक बाई ते चाक फिरवायची. ज्या जिल्ह्यावर काटा थांबेल, त्या जिल्ह्याच्या डब्यातून प्रेक्षकाचं एक पोस्टकार्ड निघायचं आणि कार्डावरच्या नंबराला तिथूनच फोन जायचा. चार रिंगांच्या आत उचलायचा. ‘हॅलो’ म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘डाव आमचाच!’ तोंडातून ‘हॅलो’ गेलं, की मिक्सर गेला. बरोबर बोललात तर तीन प्रश्न, आणि मग कुकर, मिक्सर, नशीब फारच उघडलं तर फ्रिज.

म्हणून एक ते दीडच्या दरम्यान गल्लीत कुणाचाही फोन वाजला, तरी आतून ‘डाव आमचाच!’ हेच ऐकू यायचं. गॅसवाल्याला तेच, व्याह्याला तेच, रॉंग नंबरलाही तेच. चाकावर आधी पस्तीस जिल्हे होते. पुढं पालघर नवा जिल्हा झाला आणि चाकाला छत्तिसावी फाक आली, तेव्हा शेजारची बिलकीस दोन दिवस फणफणत होती. ‘आधीच आपलं लातूर लागत न्हाई, त्यात हा अजून एक वाटेकरी!’ उदगीर जिल्हा होणार अशी आवई दर सहा महिन्यांनी उठायची, तेव्हाही बिलकीसचा पहिला सवाल ठरलेला. ‘मग अक्का, आपलं कार्ड कुठल्या डब्यात पडंल?’

ते हसण्याचे दिवस आता राहिले नव्हते. खेळ बघायला सिंधुबाईकडं सहा-सात बायका जमायच्या, तिथं एकटी बिलकीस उरली होती. तीही शिलाई मशीनवरून उठून सवयीनं यायची. दोन वर्षं पाऊस पाठ दाखवून गेला होता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याचे फोटो पेपरात छापून आले. अहमदपूरला रूळच नाहीत, म्हणून टँकर. तो आठ-दहा दिवसांनी यायचा, आणि कधी येईल याचा नेम नाही. गल्लीच्या तोंडापासून घागरींची रांग लागलेली. गल्लीनं नियमही करून ठेवला होता. घागर आठवडाभर रांगेत राहू द्या, कुणी हात लावणार नाही. पण पाइप आला, की घागरीमागं त्या घरचं माणूस उभं पाहिजे. शेजारणीनं भरून द्यायचं नाही. माणूस नसेल तर घागर पालथी घालायची आणि पाइप पुढं न्यायचा. नियम वाईट होता खरा, पण त्याआधी दर टँकरला एकीचं तरी डोकं फुटत होतं.

त्यातच बातमी आली की ‘दुपारचा डाव’ बंद होतोय. शुक्रवारी शेवटचा भाग.

सिंधुबाईचा मुलगा नरसिंग खता-बियाण्यांच्या दुकानात कामाला. तो फोन काढून टाकायचा अर्जच घेऊन आला. म्हणाला, “माय, आता खेळच बंद होऊ लागला. मग ह्या डबड्याला कशाला जपायचं? सही कर. सोमवारी देऊन टाकतो.”

सिंधुबाईनं सही केली. कागद फोनखाली सरकवून ठेवला. ‘नको’ म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर तिला ती दुपार सांगावी लागली असती.

आठ वर्षं झाली त्या दुपारला. ऑगस्ट महिना, घरात बायका दाटीनं बसलेल्या. चाक फिरलं, फिरलं, रेंगाळलं आणि लातुरावर थांबलं. टीव्हीतल्या बाईनं कार्ड काढलं, नंबर फिरवायला घेतला, आणि इकडं स्टुलावरचा फोन खणखणला. सिंधुबाईनं झडपच घातली. ‘डाव आमचाच!’ असं ओरडली की बिलकीसचं पोर दचकून रडायला लागलं. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कुणी ताटावर चमचा बडवला. पलीकडून आवाजच येईना. लाइन खराब असेल म्हणून ती पुन्हा ओरडली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

मग एक कोरडा आवाज आला. “माय गेली.”

आणि फोन ठेवल्याचा खट्ट आवाज. टीव्हीत तोवर औशाची कुणी बाई मटकीला मोड कसे आणायचे ते सांगत होती.

नांदेडहून तो फोन थोरल्या भावाचा, केरबाचा होता. त्यांची माय, चांगुणा, त्याच्याकडंच असायची. सिंधुबाई सांजच्याला नांदेडला पोहोचली तेव्हा माणसं तिच्यासाठी थांबून होती. केरबा सगळ्यांसमोर म्हणाला, “आलीस का? तुझा डाव तुला लखलाभ, सिंधे. त्या नंबराला आता माझा हात लागायचा न्हाई.”

बोलला तसा वागला. दोन वर्षं सिंधुबाई फोन लावत राहिली. वहिनी उचलायची आणि म्हणायची, “झोपलेत ते.” बाराही महिने, सकाळी दहालाही माणूस झोपलेलाच. मग सिंधुबाईनं लावणं सोडलं. पण फोन काढला नाही. केरबाला पाठ असलेला हा एकच नंबर. आला तर इथंच येणार. आणि रोज एक वाजला, की तिला त्या स्टुलापाशी बसल्यावाचून राहवत नसे. लोकांना वाटायचं, मिक्सरची आशा सुटत नाही बाईची. त्या दुपारपासून फोन वाजला की ती नुसतं ‘कोण?’ एवढंच विचारायची.

शुक्रवारी आंबेडकर जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीवर होत्या, उन्हानं वाळून कडक झालेल्या. बिलकीस आली आणि फरशीवर टेकली. तिच्या दोन घागरी रांगेत, सिंधुबाईच्या तीन.

“आज टँकर येतो म्हणू लागलेत,” बिलकीस म्हणाली.

“कालबी म्हणत व्हते.”

खेळ सुरू झाला. टीव्हीतली बाई बारा वर्षांत थकली होती. केस काळे, पण हसू ओढून आणल्यावाणी. चाकाचा रंग उडालेला. जुने तुकडे दाखवले, रडारड झाली, कुणी हार घातला. सिंधुबाईला त्यात काही गोड लागेना. एखाद्या कार्यात सगळे उठून गेल्यावर सतरंज्या गुंडाळत बसावं, तसं वाटत होतं तिला.

शेवटचं चाक फिरलं आणि नांदेडवर थांबलं.

बिलकीसनं सिंधुबाईकडं पाहिलं आणि लगेच नजर टीव्हीकडं वळवली. सिंधुबाईचा हात फोनवर गेला होता. दादाचा नंबर बोटांना अजून पाठ होता. पण पुन्हा वहिनीच उचलणार, पुन्हा ‘झोपलेत’ म्हणणार, आणि आज ते ऐकवणार नाही असं तिला वाटलं. तिनं हात मागं घेतला.

टीव्हीतल्या बाईनं पहिलं कार्ड काढलं. तो नंबर अस्तित्वातच नव्हता. दुसरा कुणी उचललाच नाही. तिसऱ्यानं उचलला आणि म्हणाला, ‘हॅलो, कोण बोलतंय?’ बाई वेळ संपली म्हणाली, हात जोडले, आणि साबणाची जाहिरात सुरू झाली.

“एवढंच?” बिलकीस म्हणाली. “बारा साल बघितलं, आणि हे असं?”

“संपायचं ते असंच संपतं,” सिंधुबाई म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

घरात शांत झालं. आणि फोन वाजला.

दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. एक रिंग. दोन.

“अक्का, उचला की!”

सिंधुबाईचा हात हलेना. तीन.

“अल्ला, अक्का!”

चौथ्या रिंगला तिनं उचलला. “कोण?”

पलीकडं कुणी नुसताच श्वास घेत होतं. म्हाताऱ्या माणसाचा, धाप लागलेला श्वास.

“सिंधे.”

“दादा?” ती फरशीवर बसली. बिलकीसला काय ते कळलं. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि आवाज न करता दाराबाहेर गेली.

“संपला म्हणं तुझा डाव,” केरबा म्हणाला.

“संपला, दादा.”

“मीबी बघून राहिलो व्हतो.”

“तू?”

“रोज बघतो. माय गेल्यापून.” तो खोकला. “आज चाक नांदेडवर थांबलं. म्हणलं, आता सिंधी फोन लावंल. जाऊन बसलो फोनपाशी. न्हाई लावलास.”

“हात गेला व्हता, दादा. भ्याले.”

“हाव. मीबी आठ साल भ्यायलोच की.”

सिंधुबाईनं फोन कानाशी इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

“त्या दिशीचं तुला सांगितलं न्हाई मी,” केरबा म्हणाला. “माय अंथरुणावरनं चाक बघत व्हती. बघायचीच ती रोज, तुझ्यापायी. लातूर लागलं तशी उठून बसली. टाळी वाजवली. म्हणली, केरबा, सिंधीला फोन लाव. ती डुलकी काढीत असंल. चार रिंगांच्या आत उचल म्हणावं.”

“मायनं लावाय लावला व्हता?”

“मी म्हणलं, अगं माय, आपण लावला तर त्यांचा कसा लागंल? लाइन आपणच अडवून ठेवू. तर ऐकती का! लाव म्हणली तू. मग काय, पाठ फिरवली न् लागलो नंबर लावाय. तू उचलला, वरडलीस. म्हणलं, मायला ऐकवावं, म्हणून मागं वळलो. तर मान कलली व्हती.”

सिंधुबाईनं पदर तोंडात धरला.

“तोंडात पाण्याचा थेंब घालायचा राहिला, सिंधे. मी तिथंच व्हतो, चार हातांवर. पर पाठ करून. लोकायला सांगितलं, बहीण नाचत व्हती. माझी पाठ व्हती, हे कुणाला सांगू?”

आठ वर्षं ती स्वतःला खात आली होती. सहा बायकांत बसून आपण मायच्या मरणावर टाळ्या पिटल्या, हे एकच तिला ठाऊक होतं. माय त्याच टाळीत सामील होती हे आज कळलं, आणि आनंद व्हायचा तो न होता तिला भयंकर थकल्यासारखं झालं, जन्मभराचं ओझं उतरल्यावर खांदे जास्तच ठणकतात तसं.

“दादा, मायनं ऐकला का रे माझा आवाज?”

“न्हाई सांगता येत. खोटं कशाला बोलू. पर लातूर लागलं ते बघितलं तिनं. तेवढं मी शपथेवर सांगतो.”

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. लांबलचक, तीनदा. दारं धडाधड उघडली, पायांची पळापळ सुरू झाली. बिलकीसची हाक आली, “अक्का! टँकर! पयलीच रांग आपली, पळा!”

“काय झालं?” केरबानं विचारलं.

“टँकर आलाय.”

“मग जा की! पेपरात वाचून वाचून जीव लागून राहिला व्हता माझा, तुमच्याकडं रेल्वेनं पानी आणू लागले म्हणून. तेबी विचारायचंच व्हतं. पानी हाय का घरात?”

सिंधुबाईनं न्हाणीकडं पाहिलं. रांजणाच्या तळाला वीतभर पाणी होतं, वर झाकणीवर तांब्या पालथा. पुढचा टँकर आठ दिवसांनी. नरसिंग संध्याकाळी येऊन काय बोलेल, तेही तिला माहीत होतं.

“लई हाय, दादा,” ती म्हणाली. “काठोकाठ भरून हाय. तू बोल.”

“खरं?”

“खरं. माय उठून बसली म्हणलास, मग? कशी टाळी वाजवली? सगळं सांग.”

तिनं स्टुलावरचा फोन उचलून मांडीवर घेतला. खालचा सही केलेला अर्ज फरशीवर पडला. तिनं तो पायानंच पलंगाखाली लोटला. बाहेर कुणीतरी ओरडत होतं, “सोनकांबळ्याचं कोण हाय का घागरीमागं?” बिलकीसचा आवाज चढला, “थांबा की जरा, येऊ लागल्यात त्या!” मग दोन-चार बायका एकदम बोलल्या आणि नियम तो नियम ठरला.

केरबा सांगत होता. मायच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांपासून त्यानं सुरुवात केली होती.

सिंधुबाईच्या तिन्ही घागरी एकामागोमाग पालथ्या घातल्याचा आवाज दारातून आत आला. तिनं तो ऐकला, आणि फोन दुखऱ्या कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला.