खाऱ्या मासळीचं पाणी

शेजारणीचं चांगलं झालेलं बघवत नाही, हा रोग तुमच्याआमच्या घरात किती जुना आहे, ते काय सांगायला हवं? रोह्याजवळच्या वरसे गावात गिरजाबाईला तो शहाण्णव सालच्या थंडीत जडला, आणि तोही वालावरून!

परसातला वाल म्हणजे गिरजाबाईचा मान. तिच्यासारख्या शेंगा अख्ख्या आळीत कुणाच्या नव्हत्या. लेक दिपिका नुकतीच पेणला दिलेली. दोनेक महिन्यांत तिच्या सासरची माणसं पहिल्यांदाच पोपटी खायला यायची होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा भाजायच्या, त्याची सगळी चव शेंगांवर. गिरजाबाईने विहीणबाईंना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "शेंगा माझ्या परसातल्या, बाजाराच्या नाय!"

आणि नेमका त्याच साली कुंपणापलीकडे अजीजाचा वाल तरारला. अजीजा बत्तीस वर्षांची, नवरा उबेद कुवेतला, पदरी एक मुलगी जिकरा. तिचा वाल हिरवागार, फुलांनी लगडलेला. गिरजाबाईचा मात्र पिवळट. ते बघून गिरजाबाईच्या पोटात दुखायला लागलं. जेवण गोड लागेना.

"उबेदने कसली तरी पावडर पाठवलीय कुवेतवरनं," तिने नळावर बायकांना सांगून टाकलं. "तसली भाजी खाऊन पोरं आजारी पडतील गो!" झालं! अजीजा आळीत मेथी वाटायची, ती बायका गुपचूप गुरांपुढे टाकू लागल्या. गिरजाबाईला बरं वाटलं. पण तेवढ्याने तिचा वाल काही हिरवा झाला नाही.

मग तिने कुंपणाआडून पाळत ठेवली. अजीजा मासळी साफ केली की खवले, आतडी आणि धुतलेलं पाणी एका पिंपात ओतायची, काठीने ढवळायची आणि झाकण ठेवायची. काही दिवसांनी तेच पाणी झाडांना घालायची.

"अस्सं! मासळीचं पाणी व्हय!" गिरजाबाई हरखली. घरात ताजी मासळी नव्हती, पण धरमतरच्या माहेराहून आलेले खारवलेले बांगडे होते. मासळी ती मासळी! तिने बांगडे भिजत घातले, त्या पाण्यात शेण कालवलं, आठ दिवस ठेवलं आणि कळशी कळशी तसंच वालाच्या मुळाशी ओतलं. एकदा नाही, दोनदा!

चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आठवड्यात वालाने माना टाकल्या. पोपटीला उरले होते दहा दिवस!

गिरजाबाई कुंपणाशी धावली. "अजीजा, माझ्या वालाला नजर लावलीस गो! डोळे कसे फुटले नाय तुझे?"

तिचा नवरा पुंडलिक तेवढ्यात कारखान्यातली शिफ्ट संपवून आला होता. तो म्हणाला, "अगो, तिला कशाला बोलतेस? तू काय ओतलंस ते मी बघितलंय. तिला विचारायला काय जीभ झिजली असती?"

अजीजा कुंपण ओलांडून आत आली, वाफ्यापाशी बसली. मातीवर पांढरट थर धरला होता. तिने चिमूट जिभेवर ठेवली.

"काकी, हे मीठ हाय. खाऱ्या मासळीचं पाणी घातलंत?"

गिरजाबाईनेही चिमूट चाखली. मिठागरात जन्म काढलेल्या बापाची लेक ती! जिथे मीठ पिकतं तिथे गवताची काडी उगवत नाही, हे तिला कुणी शिकवायला हवं होतं काय? मत्सराने डोळ्यांवर झापड आणली होती, दुसरं काय!

"मी ताज्या मासळीचं घालते," अजीजा म्हणाली. "गूळ नि शेण घालून वीस दिवस कुजवायचं, मग बादलीभर पाण्याला एक पेला. हाक मारली असतीत तर सांगितलं असतं. तुमचा वाल फुलला म्हणून माझा सुकणार हाय काय?" ती जरा थांबली. "आणि ती पावडरची गोष्ट माझ्या कानावर आलीय, काकी. जिकराच्या डब्यातली भाजी शाळेत पोरींनी खाल्ली नाय. रडत घरी आली."

अरे देवा! माझं खोटं पोरीच्या डब्यापर्यंत पोचलं! गिरजाबाईच्या मनात आलं.

अजीजानेच कळशी उचलली. दोघींनी चार दिवस विहिरीचं गोडं पाणी सोडून माती धुतली, तरी वाचल्या फक्त दोन ओळी. "शेंगा माझ्या घ्या," अजीजा म्हणाली.

पोपटीच्या संध्याकाळी अख्खी आळी जमली. कोपऱ्यात जिकरा आईला चिकटून बसली होती. विहीणबाईंनी शेंग सोलून तोंडात टाकली. "वा! विहीणबाई, तुमच्या हाताला गुण हाय हो!"

दिपिकाची मान ताठ झाली. गिरजाबाई गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं?

"नाय हो," ती उठून उभी राहिली. "शेंगा अजीजाच्या. माझा वाल मी माझ्या हाताने मारला. आणि बायांनो, पावडर-बिवडर काय नाय. मी जळत होते, म्हणून खोटं बोलले."

दिपिकाने मान खाली घातली. मग विहीणबाई बाजूला सरकल्या. "ये गो अजीजा, बस हितं. तुझी ती कृती मला पण सांग."

मंडळी, शेजाऱ्याचं चांगलं दिसलं तर सरळ हाक मारा आणि विचारा. आणि खोटं चारचौघांत बोलला असाल, तर ते चारचौघांतच मागे घ्या! मनातल्या मनात पस्तावून जिकराचा डबा कुणी खाल्ला नसता.