माझ्या डोळ्यावरचे कुंकू

मी एक जुना यांत्रिक हात आहे. हात म्हटले तरी तुमच्या करंगळीएवढाच. वाराणसीतल्या एका प्रयोगशाळेत ताटाएवढ्या तबकडीवर आम्ही एकोणीस जण दाटीवाटीने बसलो आहोत. दुर्बिणीत एकेका ताऱ्याचा प्रकाश टिपायचा, हे आमचे काम; इथे त्याचाच सराव चालतो. प्रत्येकाच्या टोकाला केसासारखी काचेची तार आहे. शेजाऱ्याचा धक्का लागला, की ती तुटते.

आम्हाला चालायला शिकवले ते ईशानीताईने. ती दुर्गाघाटाच्या गल्लीत वाढलेली. तिथे दोघे समोरासमोर आले, की एक जण ओट्याला चिकटून उभा राहतो आणि दुसरा पुढे जातो. तोच नियम तिने आम्हाला लावला. माझा शेजारी आठ नंबर निघायच्या आधी मी घरी, म्हणजे माझ्या मूळ जागी, परतायचे. मित्रांनो, सहा वर्षे मी दिवसातून शेकडो वेळा मागे सरतो आहे. खरे सांगू? थकलो आहे. पाहुणे येतात आणि पुढे जाणाऱ्याचे कौतुक करतात. मागे सरणाऱ्याला कोण विचारतो!

माझ्या बुडाशी एक बारीक डोळा आहे. मी घरी आलो, की माझ्या सावलीने तो झाकला जातो आणि मगच आठ नंबरला निघायची परवानगी मिळते.

गेल्या खंडेनवमीला आमचे तंत्रज्ञ प्रल्हादकाका यांनी नेहमीप्रमाणे सगळ्या यंत्रांची पूजा केली. चष्मा खिशातच होता. कपाळ समजून त्यांनी कुंकवाचे बोट माझ्या डोळ्यावर टेकवले. दसऱ्यानंतर काम सुरू झाले. मी बाहेर पसरलेला होतो, पण डोळा झाकलेला, म्हणून यंत्राला वाटले मी घरीच आहे. आठ नंबर निर्धास्त निघाला. मला ओरडता येत नाही. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि त्याची तार तुटली.

ईशानीताई दोन दिवस स्वतःचाच नियम तपासत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने भिंग घेतले.

“काका, इथे कुंकू कुणी लावलं?”

“मीच, बेटा. हर साल लावतो.”

“पूजा केलीत, पण त्याची नजरच बंद झाली ना!”

काकांनी खिशातून चष्मा काढून घातला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिले.

आता ते रोज सकाळी मऊ फडक्याने माझा डोळा पुसतात. मित्रांनो, यंत्रांना वर्षातून एकदा जरूर ओवाळा, पण रोज एकदा नीट बघून पुसाही. आठ नंबरला दुरुस्तीसाठी काढून नेले आहे, त्याची जागा अजून रिकामी आहे. हुकूम मात्र जुनाच आहे. आठ नंबरची वेळ झाली, की मी मागे सरतो आणि वाट मोकळी करून थांबतो.