दगडाला लागले ती मीच

मी झाडू बोलतेय. पण मला घेऊन अंगण झाडायला निघालात तर फजिती होईल, आधीच सांगून ठेवते. मला काड्या नाहीत. लांब दांडा, आणि खाली तळहाताएवढी कापडाची गादी, बस्स. माझं काम बर्फ घासायचं, तेही दगडाच्या पुढे पळत पळत.

कॅनडातल्या आमच्या मॅनिटोबा प्रांतातल्या गावांत हिवाळा एकदा बसला की पाहुण्यासारखा उठायचं नावच घेत नाही. तेवढे महिने बायका आणि पुरुष बर्फाच्या लांब पट्टीवरून जड, गुळगुळीत दगड सरकवतात. पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळ असतं. ज्याचा दगड मध्याच्या सगळ्यांत जवळ, तो पुढे. दगड वाटेत दमायला लागला की आम्ही झाडू त्याच्यापुढचा बर्फ घासून देतो, मग तो बिचारा आणखी चार हात जातो. याला कर्लिंग म्हणतात. बाहेरच्यांना हसू येतं. येऊ दे.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी जन्मले ती वर्नाच्या हातात. दुकानात तिने मला उचललं, दांडा जमिनीवर दोनदा आपटून पाहिला आणि म्हणाली, "ही चालेल."

तिचा नवरा ऑरव्हिल मागे उभा होता. "घरात एक झाडू आहे की. तिला कधी हात लावताना दिसली नाहीस."

"ती तुझी आहे," वर्ना म्हणाली, आणि मला गाडीत टाकलं.

माझी जागा तेव्हा वर्नाच्या मागच्या दाराशी, बर्फाचं फावडं आणि ओले बूट यांच्यामध्ये. आमच्याकडे पुढच्या दाराने फक्त पाहुणे आणि पाद्रीबाबा येतात. बाकी सगळं गाव मागच्या दाराने. त्यामुळे मला कुठे जावं लागत नाही, बातम्याच माझ्यापर्यंत चालत येतात. कोणाची मुलगी शहरातून परत आली, कोणाच्या पोराने हॉकीत दात पाडून घेतले, चर्चच्या जेवणाला बटाट्याचं सारण भरलेले पेरोही कमी का पडले आणि त्याआधी कोणी डबा भरून नेला, सगळं मला ठाऊक. मी चोंबडी नाही. पण कान आहेत तर ऐकू येणारच ना!

वर्ना शाळेची बस चालवते. थंडी उणे तीसला टेकली की बसचं इंजिन गोठू नये म्हणून तिची वायर रात्री घराच्या भिंतीवरच्या विजेच्या प्लगमध्ये खोचायची, सकाळी ती काढायची, कॉफीचा थर्मास भरायचा आणि अंधारातच निघायचं. जाताना शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारातला बर्फ हळूच बाजूला करायचा. त्याला कळू द्यायचं नाही. तोही मुकाट्याने उन्हाळ्यात तिच्या पायरीवर काकड्या ठेवून जातो. दोघं एकमेकांना काही विचारत नाहीत. फावडं मला सगळं सांगायचं.

देशाचं नाव घेऊन डोळे पुसणाऱ्यांतली ती नव्हे. राष्ट्रगीताला उभी राहायची, एक कडवं फ्रेंचमध्ये आलं की नुसते ओठ हलवायची, आणि खाली बसायची. घरात झेंडा नव्हता. "मला माहीत आहे मी कुठे राहते," म्हणायची, "पाटी कशाला लावू?"

मग तो हिवाळा आला. टीव्हीवर सीमेपलीकडचं, अमेरिकेतलं कोणीतरी म्हणालं, तुम्ही वेगळं राहून करता काय, आमच्यातच या की. वर्नाने हातातला कप खाली ठेवला.

"ऑरव्हिल, मला झेंडा पाहिजे."

"कशाला?"

"खिडकीत लावायला."

ऑरव्हिल गाडीची किल्ली शोधायला उठला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला एवढं कळतं.

त्यानंतर दुकानात तिची एक नवी खोड सुरू झाली. बरणी उचलायची, उलटी करायची, कुठे बनली ते वाचायचं, अमेरिकेतली निघाली तर परत फळीवर. गावातल्या सगळ्या बायका हेच करत होत्या. म्हणे, लोणच्याच्या फळीपाशी रांग लागायची. "संत्री आपल्याकडे होत नाहीत गं," ऑरव्हिल कुरकुरला. "मग सफरचंद खा," ती म्हणाली. महिनाभर बिचाऱ्याने सफरचंदं खाल्ली.

आणि वर्नाने मनात धरलं की यंदा किटली आणायचीच.

ही किटली म्हणजे निळ्या मुलाम्याची, एका बाजूने चेपलेली, जुनी कॉफीची किटली. सीमेपलीकडे, मोटारीने अर्ध्या तासावर, अमेरिकेतलं एक गाव आहे. तिथल्या बायकांशी आमच्या बायका दर हिवाळ्यात सामना खेळतात आणि जिंकणारं गाव किटली घेऊन जातं. दोन्हीकडे एकमेकांच्या आत्या-मावश्या, लग्नं-बारशी सगळं एकत्र. पण किटली बरेच हिवाळे तिकडेच होती.

"बाकी जगात काय चाललंय ते मला बदलता येत नाही," वर्ना कॉफी ओतताना म्हणाली. "किटली आणता येते."

तोवर मी मात्र वर्नाची राहिले नव्हते, हे सगळं ऐकीव. तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, दगड सोडता यायचा पण घासता येईना. तेव्हा तिने मला मारिसेलला दिलं.

मारिसेल फिलिपिन्सहून आलेली, वृद्धाश्रमात नर्स. पहिल्या हिवाळ्यात हिचं पातळ जॅकेट पाहून वर्नाने बस थांबवली होती. "अगं पोरी, हे घालून तू टपालपेटीपर्यंतसुद्धा पोचायची नाहीस! चढ वर." तिथून ओळख. पुढे वर्नाच तिला कर्लिंगला घेऊन आली. मारिसेल आधी बर्फावर इतकी आपटायची की गुडघ्यांना उशा बांधून यायची. पण सोडलं नाही. त्या हिवाळ्याआधीच्या शरद ऋतूत तिने नागरिकत्वाची शपथ घेतली. पार्टीला सगळ्यांनी छोटे छोटे झेंडे आणले. वर्नाने मला आणलं.

"झेंडा काय, कोणीही देईल," ती म्हणाली. "ही धर. आता तू माझ्या संघात."

त्या पोरीने मला दोन्ही हातांनी घेतलं. मला आवडलं ते.

सामना आमच्या गावात होता. काचेमागच्या गॅलरीत बसायला जागा नाही. पलीकडच्या संघाची कॅप्टन ग्रेचेन, उंच, धिप्पाड, मोठ्याने हसणारी. आल्या आल्या तिने सुरुवात केली.

"वर्ना, खिडकीत झेंडा लावलास म्हणे. शेजारी किटली नाही दिसली?"

"जागा ठेवलीय."

"तुम्ही कॅनडावाले ऊठसूट सॉरी म्हणता, हरल्यावर पहिली सॉरी कोण म्हणणार ते ठरवलंय का? की चौघी एकदम?"

"तू आधी दगड सरळ सोडायला शीक, ग्रेचेन. मग माझ्या सॉरीची काळजी कर."

असं चालू होतं. पण खेळ अटीतटीचा झाला. शेवटच्या फेरीपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत. ग्रेचेनचा दगड मध्याच्या अगदी जवळ येऊन बसला, आणि एकच दगड उरला. वर्नाचा.

तिने तो सोडला तेव्हा गॅलरीत कोणी खोकलंसुद्धा नाही. दगडाच्या एका बाजूला आमच्या संघातली थोरा, दुसऱ्या बाजूला मारिसेल आणि मी. "घासा! घासा गं!" वर्ना मागून ओरडत होती. आम्ही घासलं. माझी गादी गरम झाली. वर्तुळाची कड आली, दगड मंदावला, मारिसेल आणखी वाकली, आणि माझी कड त्याला लागली.

अगदी हलकं. झोपलेल्या बाळाच्या गालाला बोट लागावं तितकं. पण लागली.

दगड सरकत सरकत ग्रेचेनच्या दगडाच्याही आत जाऊन थांबला.

काच फुटेल असा आरडाओरडा झाला. थोरा झाडू फेकून नाचायला लागली. ऑरव्हिल टोपी हलवत होता. मारिसेल तेवढी जागची हलली नाही. ती खाली माझ्या कडेकडे बघत होती.

आमच्या खेळात सरकत्या दगडाला झाडू लागणं ही चूक, पण शिट्टी मारणारा पंच नसतो. ज्याची झाडू लागेल त्यानेच सांगायचं, आणि मग त्या दगडाचं काय करायचं ते समोरच्या कॅप्टनने ठरवायचं. कोणी पाहिलं नव्हतं. थोराने नाही, ग्रेचेनने नाही, काचेमागच्या सगळ्या गावाने नाही. या गावात पाय रोवायला त्या पोरीला इतके हिवाळे लागले होते. आता गप्प राहिली तर किटली घेऊन येणारी म्हणून लोक तिचं नाव काढणार. बोलली, तर किटली घालवणारी म्हणून.

तिने हात वर केला.

"सॉरी," ती म्हणाली. "माझी झाडू लागली."

गलका एकदम बसला. ग्रेचेन घसरत जवळ आली. "कुठे?"

"इथे. कडेवर."

"मला तर दिसलं नाही."

"लागली."

ग्रेचेनने थोराकडे पाहिलं. थोराने खांदे उडवले. तेवढ्यात दुसऱ्या टोकाहून वर्ना आली. काय झालं ते तिला कळलं होतं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला वाटलं आता ही रागाने काहीतरी बोलणार.

"तुझा निर्णय, ग्रेचेन," ती म्हणाली. "आमचं काही म्हणणं नाही."

ग्रेचेनने दगडाकडे पाहिलं. मग पायाने तो हळूच वर्तुळाबाहेर सरकवला. संपलं. चौघींनी चौघींशी हात मिळवले, कारण ते करावंच लागतं.

सामन्यानंतर वर जाऊन एका टेबलाशी बसायचं आणि जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं, ही आमची रीत. ग्रेचेनने पहिला ग्लास मारिसेलपुढे ठेवला. "बाई, तू बोलली नसतीस तर मला जन्मात कळलं नसतं."

मारिसेलने माझ्याकडे बोट दाखवलं. मी तिच्या खुर्चीला टेकून उभी होते. "हिने पाहिलं होतं ना."

सगळे हसले. मी नाही हसले. मला अभिमान वाटला.

पण शेजारच्या टेबलावरून लायलचा आवाज आला. लायल म्हणजे खत-बियाण्यांच्या दुकानातला, सगळ्या गोष्टींवर मत असलेला माणूस. "नव्या माणसांना घेतलं की असं होतं," तो म्हणाला. "आपल्याकडची कोणी असती तर एवढ्याशा लागण्याचं भांडवल केलं नसतं."

मारिसेलने ग्लास खाली ठेवला. वर्नाने खुर्ची वळवली. सावकाश, बस वळवावी तशी.

"लायल, माझी टपालपेटी वाकडी कशी झाली रे?"

"मला काय ठाऊक?"

"मागच्या जानेवारीत तुझा लाल ट्रक मागे घेताना तिच्यावर चढला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. तेव्हापासून वाट बघतेय, की आपल्याकडचा माणूस आहे, येईल, सांगेल."

ते मीही दाराच्या काचेतून पाहिलं होतं, तेव्हा मी तिकडेच होते ना! लायलचे कान त्याच्या ट्रकएवढे लाल झाले. आधी ग्रेचेन हसली, मग टेबल हसलं, मग सगळं दालन.

"सॉरी, वर्ना," लायल पुटपुटला.

"मला नको म्हणूस. हिला म्हण."

त्याने म्हटलं. उठून, टोपी काढून. मारिसेल म्हणाली, "असू दे." पण तिने ग्लासातलं संपवलं नाही, हे मी पाहिलं. तिला लायलचं काही नव्हतं. तिला वर्नाचं होतं. त्या संध्याकाळी वर्ना तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मारिसेलने मला पुसून घेतलं, दांडासुद्धा, आणि वर्नाच्या मागच्या दाराशी गेली. परत करायला नेत होती मला.

दार उघडलं. वर्नाच्या हाताला पीठ लागलेलं.

"ही घे," मारिसेल म्हणाली. "तुझी आहे. किटली तुला किती हवी होती, मला माहीत आहे."

"हवी होती," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? काल मला भयंकर राग आला होता. ऑरव्हिलशीसुद्धा बोलले नाही. तो बिचारा पुन्हा सफरचंद खायला लागला."

मारिसेलला हसावं की रडावं कळेना.

वर्नाने पिठाच्या हातानेच मला घेतलं. उलटी केली, गादी अंगठ्याने दाबून पाहिली. "झिजलीय. नवी बसव, या आठवड्यात." आणि मला परत मारिसेलच्या हातात दिलं. "पुढच्या वर्षीही दगडाच्या त्याच बाजूला तूच. थोरावर मला डोळा ठेवावा लागतो, ती गप्पा मारते. तू ज्या बाजूला असतेस, तिकडे मला बघावं लागत नाही."

मारिसेलने नाक ओढलं. थंडीचं असेल.

"आता आत ये आणि दार लाव," वर्ना ओरडली. "आख्खं मॅनिटोबा गरम करायचंय का मला?"

तेव्हापासून मी मारिसेलच्या दाराशी असते. इथे भाताचा वास येतो, फोनवर तिच्या आईचा आवाज येतो, आणि गावातले लोक आता इथेही मागच्याच दाराने येतात. माझी गादी कितीदा बदलली, दांड्यावर चिकटपट्टीचे थर बसले. बुधवार-बुधवार मारिसेल नव्याने आलेल्या दोन बायकांना बर्फावर उभं राहायला शिकवते. सध्या त्या मला धरून आपटतात. मला लागतं, पण मी तक्रार करत नाही.

जाता जाता एवढंच मागते. तुमच्या घरातही दारामागे कोणी माझी बहीण उभी असेल. तिच्याकडे कधी तरी नीट पाहा. आज मी बोलले ते बोलले, एरवी आम्हाला तोंड नसतं. आम्ही कुठे लागलो, कोणाला लागलो, ते आमच्या वतीने आम्हाला धरणाऱ्या हातानेच सांगायचं असतं.