मीटरताईंची चूक

"ताई, तुमचं आणि मशीनचं वाजलंय," संशोधक मुलगी धापा टाकत दारात उभी राहिली. "तेही आजच! पाहुण्यांसमोर!"

मीटरताईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तिच्यामागोमाग निघाल्या.

बावीस वर्षं त्यांनी घरोघर हिंडून विजेची मीटरं वाचली होती. पुढे आपले आकडे आपणच कळवणारी मीटरं आली आणि ताई घरी बसल्या. नेमक्या त्याच सुमारास विद्यापीठातल्या गटाला तारांमधल्या विजेच्या लहरी ओळखणारा प्रोग्रॅम घडवायचा होता. त्याला शिकवायचं तर कुणीतरी लाखभर लहरी नजरेखालून घालून एकेकीवर नाव लिहायला हवं होतं. हा पंप, ही लिफ्ट, हा बिघाड. दोन पदवीधर आठवड्याभरात पळाले. ताईंनी मात्र तीन वर्षं ठाण मांडलं.

प्रयोगशाळेत वीज कंपनीचे मोठे इंजिनीअर हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर ग्रंथालयाच्या इमारतीची एक लहर होती. मशीन म्हणत होतं 'सैल सांधा', म्हणजे बिघाड. ताईंनी तिच्यावर लिहून ठेवलं होतं 'लिफ्ट'.

"ताई चुकायच्या नाहीत. प्रोग्रॅमच चुकलाय," गटप्रमुख सर कसनुसं हसले. मुलीचा चेहरा उतरला. तिची चार वर्षं त्या प्रोग्रॅममध्ये गेली होती, आणि कंपनी तो घेणार की नाही हे आज ठरायचं होतं.

ताई पडद्याजवळ गेल्या. "ही कधीची गं?"

"रविवार. दुपारी तीन."

"रविवारी ग्रंथालयाला कुलूप. मग लिफ्ट काय भुतं चालवतात?" ताईंनी कपाळावर हात मारला. "सर, मीच चुकले. मशीन बरोबर आहे."

"ताई, पोरीला सांभाळून घ्यायला म्हणून असं बोलू नका."

"बावीस वर्षांत कुणाच्या मीटरवर एक युनिट मनाचं लिहिलं नाही मी. आता म्हातारपणी लिहीन होय? चला, पेटी उघडून बघू."

सगळी वरात ग्रंथालयाच्या तळघरात गेली. वायरमनने वीज बंद केली, पेटीचं झाकण काढलं आणि शीळ घातली. मनगटाएवढ्या केबलचा सांधा जळून काळाठिक्कर पडला होता.

"आठ दिवसांत पेटला असता," तो म्हणाला. "वर पुस्तकंच पुस्तकं. मग काय बघायचं!"

मुलीने ताईंना अशी मिठी मारली की चष्मा निसटून वायरमनच्या हातातल्या टोपीत पडला. मोठे इंजिनीअरसुद्धा हसले. ताई तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. "गुलामाने माझ्याकडूनच धडे घेतले आणि माझाच कान पकडला!"

"ठरलं, आम्ही घेतो हा प्रोग्रॅम," इंजिनीअर म्हणाले. "अजून किती लहरींवर नावं घालायची राहिलीत?"

"आता गरज नाही," सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर खाली गेली.

ताईंच्या ते लक्षात आलं. "अहो सर, तोंड का पाडता? मागच्या खेपेला त्या मीटरांनी मला विचारलंसुद्धा नव्हतं. या खेपेला मी स्वतः शिकवून धाडतेय. फरक आहे की नाही?"

इंजिनीअरनी तपासणीचा कागद पुढे केला. बिघाड ओळखणाऱ्यांपैकी एकाची सही हवी होती. मुलीने तो ताईंच्या हातात दिला.

ताईंनी सही केली. खाली 'हुद्दा' असा रकाना होता. तिथे पेन थबकलं. मीटर वाचणाऱ्याचं पद कधीच गेलं होतं. लहरींना नावं द्यायचं कामही आत्ताच, इथेच, या तळघरात संपलं होतं.

"काय लिहू गं?"

"काय म्हणजे? शिक्षिका!"

"चल, काहीतरीच तुझं!"

पण त्यांनी कागद भिंतीला टेकवला, एकेक अक्षर सुटं, ठसठशीत काढलं, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर हळूहळू फुंकर घालत उभ्या राहिल्या.