घासलेले पंतप्रधान

मी एक जुने ब्राँझचे पदक आहे. नाही, शर्यतीतले तिसरे नव्हे. एका पंतप्रधानांच्या स्मरणार्थ मला घडवले, आणि सध्या मी भयंकर संतापलेले आहे. मित्रांनो, कारण ऐका.

टांकसाळीतल्या कारागिराने साहेबांचा चेहरा पोलादी साच्यात कोरला. कपाळावर तीन आठ्या, गालावर चामखीळ, भुवईचा केस न् केस. मग यंत्राने दणका दिला. त्याला जन्म म्हणतात. मला तो मार वाटला. पुढच्या पन्नास वर्षांत अंगावर तपकिरी थर चढला. संग्राहकांच्या लेखी तो थर म्हणजेच आमची अब्रू.

माझे मालक निवृत्त घड्याळजी. सुती हातमोज्यांशिवाय त्यांनी मला कधी उचलले नाही. नातवालाही इतक्या जपून उचलले नसेल. त्यांच्या पदकांचे पहिलेच प्रदर्शन भरणार होते आणि मधली जागा माझी ठरली होती. तेवढ्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते तीन दिवस रुग्णालयात गेले. घर सांभाळायला धाकटी बहीण आली.

बाई मायाळू. तिने खण उघडला.

"अगंबाई! दादाचे मंत्री किती मळलेत!"

भांड्यांची पावडर, तारेची घासणी, तीन दिवस. आधी थर गेला, मग चामखीळ, मग भुवया. विरोधी पक्षाला जन्मभर जमले नाही, ते हिने ओट्यावर केले! साहेब आता सोललेल्या बटाट्यासारखे दिसतात.

मालक परतले, एका डोळ्यावर पट्टी.

"दादा, ओळख बघू!"

"कसलं झाकण गं हे?"

"झाकण काय! तुझे पंतप्रधान!"

मालकांनी मला उघड्या डोळ्याजवळ धरले. मग त्यांना बहिणीची सोलवटलेली बोटे दिसली.

"छान चमकतंय," ते म्हणाले.

छान? माझा चेहरा गेला, आणि छान?

वर प्रदर्शनात मला ठरल्याप्रमाणे मधल्याच जागी मांडले. बहिणीचे मन मोडू नये म्हणून! ती दिवसभर माझ्याशेजारी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "तुमच्याकडची पण आणा ना, घासून देते!" तीन संग्राहक खिसे घट्ट धरून मागच्या दाराने पळाले.

तर मित्रांनो, कळवळून सांगते: जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण मऊ, कोरड्या फडक्याने. आणि ती बाई तुमच्या घरी यायला निघाली असेल, तर दार उघडण्याआधी पंतप्रधान लपवा.