भिंतीवरच्या तीस गोळ्या

सासूबाई दातांच्या डॉक्टर, वय सदुसष्ट, आणि स्वभाव असा की आपलं म्हणणं खरं करून दाखवल्याशिवाय घास गिळायच्या नाहीत. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. दवाखाना बंद कर म्हणून मुलानं तगादा लावला, तर म्हणाल्या, कॉम्प्युटरवरच्या बंदुकीच्या खेळात मी तुझ्या बायकोला हरवते, आणि ती तर तो खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे.

आता सोमवारी एका जुन्या पेशंटची अक्कलदाढ काढायची होती. दाढ आडवी, नसेला खेटून. हात जरा हलला की माणसाचा ओठ कायमचा बधिर.

रविवारी दुपारी सासू-सून खेळायला बसल्या. पाच डावांत सासूबाईंनी एक मारला, म्हणजे नेहमीइतकाच. पण आज त्या पडद्याकडे बघतच राहिल्या. आपला नेम चुकलेला त्यांना स्वच्छ दिसला होता, आणि गोळी मात्र सुनेच्या कपाळात बसली होती. असं कसं, त्यांनी विचारलं. त्यांनी एकदा विचारायला घेतलं की सुटका नसायची.

सुनेला सांगावंच लागलं. खेळातल्या बंदुकांचं काम तिच्याकडेच होतं. गोळी मुद्दाम थोडी इकडेतिकडे जाते, किती जायचं ते दर वेळी खेळच ठरवतो. त्यामुळे पट्टीच्या खेळाडूचा नेम कधी हुकतो आणि नवख्याची चूकही कधी लागून जाते. नाहीतर नवखे दोन दिवसांत पळून जातील.

"म्हणजे माझं जिंकणं त्यातलं?"

"बरंचसं, आई."

"ते बंद करता येतं?"

येत होतं. सुनेनं नाइलाजानं लॅपटॉपवर गोळ्यांचा तो फैलाव शून्यावर आणला. सासूबाईंनी खेळातल्या एका भिंतीवरची फुली नेमासाठी ठरवली. प्रत्येकीनं तीस गोळ्या मारायच्या, एकेक करून, घाई नाही. सुनेच्या तिसांचं मिळून एकच भोक पडलं. सासूबाईंच्या गोळ्यांनी फुलीवरून बोटभर लांब आडवी रेघ ओढली.

वाईट वाटायच्या आधी त्यांना नवलच वाटलं. एक्स-रे बघताना करायच्या तसा चष्मा कपाळावर चढवून त्या पडद्याला नाक लावून बसल्या. वर-खाली एकही गोळी नाही, सगळं आडवंच. माउस आडवा सरकतो तो मनगटानं, वर-खाली बोटांनी. म्हणजे हलतंय ते मनगट, बोटं नव्हेत. पुन्हा तीस मारल्या, पुन्हा तीच रेघ. मग फैलाव परत चालू करून दोघींनी मारल्या, तर दोघींच्या भिंती जवळजवळ सारख्याच दिसायला लागल्या. वर्षभर त्या हीच भिंत बघत आल्या होत्या.

"तुला ठाऊक होतं?"

सुनेची मान खाली गेली. "होतं. पण तुम्ही जिंकलात की दिवसभर गुणगुणत असता. मला सांगवेना."

सासूबाईंना राग आला, चांगलाच आला. पण तो काढत न बसता त्यांनी फोन उचलला. पेशंट आधी हसलाच. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणासमोर मी तोंड उघडायचा नाही, म्हणाला. त्यांनी त्याचं बोलणं संपू दिलं.

"माझा हात थरथरतो," त्या म्हणाल्या. "उद्या माझ्याकडे येऊ नका."

वर्षभर घरातले हेच सांगत होते. त्यांनी स्वतः ते पहिल्यांदाच म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर उजवा हात डाव्या हातात धरला.